खाड्याच्या भीतीने रिकामी होणारी खाट: आरोग्य आयुक्त आणि साखर आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, आरोग्य सेवा, महाराष्ट्र राज्य
मा. साखर आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे

स. न. वि. वि.

एकाच पत्रात आपणा दोघांना लिहिण्याचं कारण आधी सांगते. साखरपट्ट्यातल्या एका उपजिल्हा रुग्णालयाच्या बालविभागात मी अधिपरिचारिका आहे. गाळप हंगाम सुरू झाला की आमच्या वॉर्डात ऊसतोड मजुरांची मुलं यायला लागतात. ती उशिरा येतात, लवकर जातात आणि फेरतपासणीला बोलावलं तर बहुधा परत येत नाहीत. या तिन्ही गोष्टींची नोंद आरोग्य खात्याच्या रजिस्टरात होते, पण त्या ठरतात फडात, म्हणजे तोडणीच्या शेतात, आणि मजुरांची टोळी आणणाऱ्या मुकादमाच्या वहीत. आरोग्य आयुक्तांनी कितीही चांगली परिपत्रकं काढली तरी त्या वहीपर्यंत त्यांचा हात पोचत नाही. साखर आयुक्तांच्या कार्यालयात गाळप, साखरेचा उतारा आणि एफआरपीचा, म्हणजे उसाच्या किमान दराचा, हिशेब असतो, मजुरांच्या कोपीतल्या, म्हणजे झोपडीतल्या, पोराच्या वजनाचा नसतो. मधल्या मधे मूल राहून जातं. म्हणून हे पत्र दोघांना.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचारांपर्यंत सगळं मोफत झालं. हा निर्णय मला मनापासून पटला. त्याआधी केसपेपरच्या खिडकीशी घुटमळणाऱ्या, पदराची गाठ सोडून नाणी मोजणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पण मोफत झाल्यावरही ही मुलं वेळेवर येऊ लागली नाहीत. कारण त्यांच्या आईबापांचा खरा खर्च आमच्या खिडकीवर कधी नव्हताच. तो रिक्षाभाड्यात आहे, सोबत थांबणाऱ्याच्या जेवणात आहे, कोपीवर मागे राहिलेल्या भावंडांच्या काळजीत आहे, आणि सगळ्यात मोठा वाटा बुडालेल्या दिवसाचा आहे.

साखर आयुक्तांना माहीत असलेली गोष्ट आरोग्य खात्यातल्या वाचकांसाठी थोडी उलगडते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. हंगामाआधी मुकादमाकडून दोघांच्या नावावर उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि ती तोडलेल्या उसाच्या टनावर फेडायची असते. बायको फडात आली नाही तर उरतो अर्धा कोयता. एकटा पुरुष ऊस तोडेल, पण मोळ्या कोण बांधणार, डोक्यावरून वाहून गाडीत कोण भरणार? टोळीचं काम अडतं. आणि न आलेल्या दिवसाचा खाडा धरला जातो. म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड उचलीत चढतो. या माणसांना आजारपणाची रजा नाही. मुलाच्या आजारपणाची तर कल्पनाच नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती मोठ्या झगड्यानंतर मिळाली आणि तिचं मोल मी कमी करत नाही. पण दर टनाला कितीही वाढला तरी पोराला घेऊन दवाखान्यात बसलेल्या बाईच्या हातून त्या दिवशी टन निघत नाही.

मागच्या एका हंगामातली गोष्ट सांगते. चौदा महिन्यांचा मुलगा, वजन सहा किलोच्या आत. दंडाचा घेर मोजायची पट्टी लावली तर ती तीव्र कुपोषणाच्या लाल भागात, साडेअकरा सेंटिमीटरच्या बरीच खाली. न्यूमोनिया होता, छाती आत ओढली जात होती. आई विशीतली. तिच्या हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे, आणि पोराच्या गालावरही. फडाच्या कडेला पाचटावर झोपवलेल्या पोरांच्या अंगावर हे ओरखडे असतातच. बालरोगतज्ज्ञांनी भरती करून घेतलं. प्रतिजैविकं सुरू झाली, दर दोन तासांनी वाटी-चमच्याने दूध पाजायचं ठरलं. रात्री दोन वाजताचं दूध पाजताना तिने विचारलं, "शिस्टर, किती दिस लागतील?" छाती मोकळी झाल्यावर पोषण पुनर्वसन केंद्रात धरून चौदा दिवस तरी, असं मी म्हटल्यावर तिने माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी काही भलतंच बोलले असावं. "चौदा दिस खाडा कोन भरंल? आन् पोरगी हाय ना कोपीवर, सात वर्साची. तिच्यापाशी कोन?"

त्या सात वर्षांच्या पोरीबद्दल आमच्या केसपेपरवर एक अक्षर नव्हतं. मुलाचं वजन होतं, तापमान होतं, श्वासांची गती होती. घरी दुसरं मूल एकटं आहे, ते रात्री कुणाजवळ झोपतं, हे लिहायला जागाच नाही. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, मूल हसलं. चौथ्या दिवशी सकाळी बाप आला आणि दोघं त्याला घेऊन गेली. आम्ही समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. शेवटी अंगठा घेतला आणि शेरा मारला: वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नेले. पुढच्या आठवड्यात आशाताई कोप्यांवर चौकशीला गेल्या तेव्हा टोळी दुसऱ्या फडावर हलली होती.

तो शेरा वाचणाऱ्याला काय वाटेल? आईबाप बेफिकीर. आमच्या वॉर्डातही हेच म्हटलं जातं, राउंडवर म्हटलं जातं, बैठकांत म्हटलं जातं. "यांना मुलांचं काही नसतं", "अडाणी लोक, सांगून कळत नाही". मला याचा फार त्रास होतो. रात्री दोन वाजता उठून चमच्याने दूध पाजणारी, पोराने अर्धी वाटी संपवली की मला हाक मारून रिकामी वाटी दाखवणारी बाई बेफिकीर कशी? तिला सगळं कळत होतं. तिने हिशेब केला. एक आजारी मूल, एक एकटी मुलगी आणि डोक्यावर उचल, यातून निघणारा हिशेब तुम्ही-आम्ही केला असता तरी तोच निघाला असता.

पोषण पुनर्वसन केंद्रात आईला बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे, हे मला माहीत आहे. चांगली तरतूद आहे. पण ती रक्कम खात्यात जमा होते, तीही नंतर. खातं गावाकडच्या बँकेत, पासबुक सासूच्या पेटीत, मोबाइल नंबर बदललेला. आणि मुकादम खाडा धरतो तो त्याच दिवशी. शिवाय तरतूद आईपुरती आहे. मागे राहिलेल्या पोरीला वॉर्डात आणावं तर तिला जेवण नाही, झोपायला जागा नाही, आणि एका खाटेशी एकच नातेवाईक हा आमचा नियम. नियम पाळला नाही तर आम्हाला बोलणी बसतात. पाळला तर मूल जातं.

हे झालं भरती झालेल्या मुलाचं. भरतीपर्यंत न पोचणारी मुलं कितीतरी जास्त आहेत. तोडणीला माणसं पहाटे, अंधारातच निघतात. आमची बाह्यरुग्ण तपासणी सकाळची. ती फडातून परततात तेव्हा दिवस मावळलेला असतो, आणि गाडी यायची असेल तर भरायला रात्रीही जावं लागतं. मग पोराला ताप आला, जुलाब लागले की संध्याकाळी बाजारातल्या खासगी डॉक्टरकडे जायचं, एक सुई, एक बाटली, उधारीवर. सरकारी दवाखाना मोफत असताना ही माणसं पैसे देऊन बाहेर का जातात, असा प्रश्न आढावा बैठकीत विचारला जातो. दवाखान्याच्या दारावरची वेळ आणि फडातली वेळ शेजारी शेजारी लिहून पाहिली की उत्तर समोर येतं. जुलाबाला मीठ-साखरेच्या पाण्याची पुडी आणि चौदा दिवस झिंक एवढंच लागतं. ते आशाताईच्या पिशवीत असतं. पण कोप्या गावाच्या हद्दीवर, माळावर. त्या कुठल्या आशाच्या यादीत धरायच्या यावरच दोन गावांत बोलणं चालतं.

आणि जुलाब होतात कशाने? पाणी पाटाचं किंवा विहिरीवरच्या पाइपचं, संडास नाही, चूल कोपीच्या तोंडाशी. हंगामात एकच मूल दोनदा-तीनदा जुलाब आणि खोकल्याने येतं, दर वेळी आधीपेक्षा हलकं होऊन. आम्ही औषध देतो आणि त्याच पाण्यावर, त्याच धुरात परत पाठवतो.

लसीकरणाचं तसंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात १२ ते २३ महिन्यांच्या मुलांत पूर्ण लसीकरण ७३.५ टक्के होतं. आधीच्या फेरीत ते ५६.२ टक्के होतं, म्हणजे काम झालेलं आहे आणि ते आमच्याच एएनएम (आरोग्यसेविका) आणि आशांनी केलेलं आहे. उरलेली मुलं मात्र अशी आहेत की त्यांच्यापर्यंत नेहमीच्या वाटेने पोचता येत नाही. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नवव्या महिन्यानंतर. बीड, जालना, परभणीकडचं मूल जूनच्या आसपास जन्मलं असेल तर नववा महिना लागतो तेव्हा ते कोल्हापूर-सांगलीच्या फडात नाहीतर थेट कर्नाटकात असतं. कार्ड गावी राहिलेलं. आई सांगते "मांडीत दिल्ती दोन येळा", पण कुठली ते तिला सांगता येत नाही. युविन या लसीकरणाच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंद असेल तर नंबरावरून सापडावी, पण नंबर दिराचा, आणि दीर दुसऱ्या कारखान्याला. त्याच सर्वेक्षणात राज्यातली पाच वर्षांखालची १०.९ टक्के मुलं तीव्र कृश, म्हणजे उंचीच्या मानाने फारच कमी वजनाची, आढळली. दहातलं एक मूल. ती मुलं कुठे राहतात, वर्षातले किती महिने कुठे असतात, हे विचारल्याशिवाय त्यांना शोधायचं कसं?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली आपल्याच पालघरला झाली. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जाऊन मुलं तपासतात. हृदयाला छिद्र, फाटलेला ओठ, कमी ऐकू येणं, सगळं त्यात सापडू शकतं आणि पुढची शस्त्रक्रियाही मोफत होते. पण पथक डिसेंबरात गावच्या शाळेत आलं तर ज्याला तपासायचं ते मूल तीनशे किलोमीटरवर असतं. त्याच्या नावापुढे गैरहजर. गावीच आजीपाशी ठेवलेलं मूल सापडतं, पण आजीला दिसत नाही, मोठ्या शहराची वाट माहीत नाही, आणि संमतीवर सही करायला आईबाप नाहीत. शस्त्रक्रिया एप्रिलवर जाते. एप्रिलमध्ये लग्नं, मग पेरणी. असं एक-दोन वर्षं गेलं की डॉक्टर विचारतात, इतके दिवस काय करत होता?

अधिकाऱ्यांना वाटेल की ही परिचारिका गरिबीची तक्रार दवाखान्याच्या दारात आणून टाकते आहे, गरिबी हटवणं काही आमच्या खात्याचं काम नाही. बरोबर आहे. गरिबी आम्ही हटवू शकत नाही. पण मूल दवाखान्यात न येण्याचं किंवा अर्ध्यावर निघून जाण्याचं कारण जिथे आहे तिथे हात घालणं हा उपचाराचा भाग आहे, आणि हे महाराष्ट्राने आधी करून दाखवलेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बाळाची काळजी आईच्या घरात नेली. गावातल्याच बाईला वजन करायला, न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले, नवजात मृत्यू निम्म्याहून जास्त घटले होते. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ज्या भेटी देते, त्या तिथूनच देशभर गेल्या. ज्या घरात ती भेट द्यायला जाते ते घर पाच महिने उसाच्या फडात असेल, तर भेट फडात व्हायला हवी.

याहून जुनी गोष्ट मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातली. भारतातला पहिला वैद्यकीय समाजसेवक १९४६ साली तिथे नेमला गेला. रुग्ण घरी कसा राहतो, कोण कमावतं, गोळ्या आणायला पैसे आहेत का, हे विचारायला पगारी माणूस लागतो, हे त्या काळी मान्य झालं होतं. मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक आजही असतात. आमच्यासारख्या ठिकाणी नाहीत. ते काम मग सिस्टर करते, सुई टोचता टोचता, किंवा कुणीच करत नाही.

विचारण्यातही रीत लागते, हेही सांगायला हवं. "घरात खायला आहे का?" असं चार माणसांत विचारलं तर कुठलीही आई "हाय की" म्हणणार. तिची अब्रू आहे ती. "काल रात्री काय शिजवलं होतं?" असं विचारलं की ती आपसूक सांगते, भाकरी आणि मिरचीचा ठेचा, नाहीतर नुसत्या कण्या. "लहान्याला कुणापाशी ठेवून आलीस?" विचारलं की सात वर्षांची पोरगी समोर येते. "परत जायला गाडी कशाने?" या प्रश्नावर कळतं की फेरतपासणीला ती येणार की नाही. तीन-चार साधे प्रश्न पुरतात. मात्र उत्तरं मुकादमाच्या कानावर जाता कामा नयेत. आणि विचारून झाल्यावर देण्यासारखं काहीच हातात नसेल तर विचारूच नये. एखादीकडून सगळं काढून घ्यायचं आणि मग "बरं" म्हणून पुढच्या खाटेकडे वळायचं, हे मला जमत नाही. आमच्या वॉर्डात काही सिस्टर आपल्या पिशवीतून डबा काढून देतात. त्या मायाळू आहेत, पण त्यांच्या डब्यावर राज्याचा बालआरोग्य कार्यक्रम चालवता येणार नाही.

तेव्हा मागणं असं आहे. आरोग्य आयुक्तांनी ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्यांतल्या प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात निदान हंगामापुरता एक समाजसेवक द्यावा. बालरुग्णाच्या केसपेपरवर भावंडं, मुक्कामाची जागा आणि मूळ गाव यांना जागा द्यावी. पोरासोबत आलेल्या भावंडाला वॉर्डात राहू द्यावं आणि रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातून जेवू घालावं. एका ताटाचा प्रश्न आहे, त्याने कितीतरी खाटा अवेळी रिकाम्या होणार नाहीत. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नेले या शेऱ्याखाली कारण लिहिणं सक्तीचं करावं, म्हणजे आढाव्यात "बेफिकीर" हा शब्द वापरायला कुणी धजावणार नाही. आणि आठवड्यातून एक संध्याकाळ, दिवस मावळल्यावर, लसी आणि औषधं घेऊन पथक कोप्यांवर जावं. त्यासाठी लागणारी रात्रपाळी आम्ही आपसात वाटून घेऊ, पण आशाताईला त्या फेरीचे वेगळे पैसे मिळाले पाहिजेत. तिच्याकडून फुकट कामं करून घेण्याची सवय आपण सगळ्यांनी लावून घेतली आहे.

साखर आयुक्तांकडचं मागणं याहून अवघड, म्हणून शेवटी ठेवलं. मूल रुग्णालयात भरती असेल त्या दिवसांचा खाडा धरायचा नाही, असं कारखान्यांनी मुकादमांशी करार करताना त्यात लिहून घ्यावं, आणि रुग्णालयाच्या दाखल्यावर त्या दिवसांची मजुरी आईला हातात मिळावी. पैसा कुठून आणायचा हा प्रश्न येईल. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांकडून १० रुपये आणि तेवढीच रक्कम सरकारकडून घ्यायचं ठरलेलं आहे. आजारी मुलापाशी बसलेल्या आईला त्यातून मजुरी देण्यापेक्षा त्या पैशाचा योग्य उपयोग मला तरी सुचत नाही. टोळी कुठल्या गावच्या शिवारात उतरली आहे ही माहिती कारखान्याच्या शेती विभागाकडे रोजच्या रोज असते, कारण तोडणीचा कार्यक्रमच त्यावर चालतो. तीच यादी दर आठवड्याला तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आली तर आशाताईला माळ धुंडाळत फिरावं लागणार नाही. यात एक पैसा खर्च नाही.

कुणी म्हणेल, आता यंत्रं आली, तोडणी यंत्राने होणार, हा प्रश्न आपोआप मिटेल. यंत्रं येत आहेत, खरं आहे. पण आज वॉर्डात असलेलं मूल यंत्राची वाट पाहत थांबू शकत नाही. आणि हीच माणसं उद्या वीटभट्टीवर, बांधकामावर जातील, तेव्हा खाड्याचं नाव बदलेल इतकंच.

गाळप हंगाम कधी सुरू करायचा हे ठरवायला दरवर्षी मंत्री समितीची बैठक होते. यंदाच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर, उसाच्या उपलब्धतेच्या खाली का होईना, मजुरांच्या मुलांच्या भरतीच्या दिवसांचा खाडा हा विषय आपण दोघांनी मिळून ठेवावा, एवढी विनंती आहे. आमच्या वॉर्डातल्या अर्ध्यावर गेलेल्या मुलांच्या नोंदी, नावं काढून, कारणांसकट लिहून ठेवल्या आहेत. आपल्या कार्यालयातून कुणी आलं तर समोर बसून दाखवीन. शक्यतो दुपारी यावं, तेव्हा माझ्याबरोबर आयांशीही बोलता येईल.

कळावे,

आपली विश्वासू,
बालविभागातील एक अधिपरिचारिका